सहाचा भोंगा

हार्लो ग्रोव्ह, इंडियाना
२ ऑक्टोबर १९९४

ती. वर्नाताईस,
धाकट्या लायलचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे, तुझी कन्या वगळता. तिच्याविरुद्धची माझी तक्रार गांभीर्याने दाखल करून घ्यावी. ज्या घरात बाबांच्या काळापासून गावाचा सहाचा भोंगा झाला की काटे-चमचे वाजू लागतात, त्या घरात चि. हायडी भोंगा ऐकून खुशाल वरच्या खोलीत लोळत पडते. जेवायला हाक मारली तर म्हणते, मामा, पोट माझं आहे, अग्निशामक दलाचं नाही. परवा मी स्वहस्ते केलेली चीज-मॅकरोनी तिची वाट पाहून पाहून अशी थिजली, की त्या गोळ्याने गावातल्या एखाद्या इमारतीचा पाया भरता आला असता. भोंगा पाळणारा या घरात आता एकटा सीझर उरला आहे. तो अजूनही बरोबर सहाला मान वर करून रडतो. कुत्र्याला शिस्त आहे, भाचीला नाही, यावर तिच्या आईने काय तो विचार करावा.

बाकी तिला माझ्याकडे ठेवायची तुझी निवड योग्यच होती. अकरावीच्या वर्षी पोरीला शाळा बदलायला लावून तिकडे वाळवंटात नेलं असतंस, तर कॉलेजच्या अर्जांचा विचका झाला असता. शाळेने लॅटिनचे अंत्यसंस्कार केल्यापासून मी वर्षावर्षाच्या करारावर इतिहास शिकवतो, दहावीला जगाचा आणि अकरावीला अमेरिकेचा. त्यामुळे ती मला वर्गात 'मिस्टर होस्टेटर' म्हणते आणि घरी मामा. दोन्हीकडे वाद घालते, ही गोष्ट निराळी.

अकरावीचा रिवाज तुला आठवत असेलच. प्रत्येकाने गावातली एक वस्तू निवडायची, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला तिच्याबद्दल विचारायचं आणि मार्चमध्ये जिमखान्यात सगळ्या गावापुढे ते मांडायचं. त्यातलं चांगलं काम एप्रिलमध्ये राज्याच्या स्पर्धेला जातं. कोणी घोड्यांचा हौद घेतला, कोणी पुलावरची पाटी. हायडीने भोंगा घेतला. जेवणाचा एवढा राग, दुसरं काय! मी तिला म्हटलं, वृद्धाश्रमात ऑर्फाआत्याला गाठ. बाबा वाजवायचे त्या भोंग्याचं नाव काढलं की ती भावाच्या आठवणीत तासभर तरी बोलेल.

जीनभावजींना नव्या नोकरीत सूर सापडला का ते कळव. लोभ आहे तसाच राहू दे, वाढवलास तर तक्रार मागे घेईन.

तुझा
लायल

---

टूसॉन, ॲरिझोना
१२ ऑक्टोबर १९९४

चि. लायल,
अ. उ. आ.

पत्र वाचून जीन मोठ्याने हसला. तू केलेली मॅकरोनी आम्ही दोघांनीही खाल्लेली आहे, तेव्हा या बाबतीत आम्ही पोरीच्या बाजूने आहोत. इथे ऑक्टोबरातही अंगणातली खुर्ची हात लावू देत नाही. मेपलची पानं लाल झाली असतील ना तिकडे? लिफाफ्यात दोनचार घालून पाठव. हसू नकोस.

एक काम कर. हायडीला ऑर्फाआत्याकडे पाठवू नकोस. आत्याचं वय झालं आहे. ती हल्ली काय वाटेल ते बोलते आणि बोलताना समोर कोण आहे हे पाहत नाही. कचेरीवरचं घड्याळ काय वाईट आहे? त्यावर भरपूर लिहिता येईल. भोंग्यात सांगण्यासारखं काही नाही.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. बाबा दलाचे कप्तान होते तेव्हा संध्याकाळी मला उचलून घ्यायचे आणि भोंग्याचं लाल बटण माझ्या बोटाने दाबून घ्यायचे. अख्खं गाव माझ्या बोटाने जेवायला बसतं, असं सांगायचे. माझ्या लहानपणातली याहून सुखाची आठवण मला तरी नाही. ती तशीच राहू दे, लायल. एवढं माझ्यासाठी कर.

पोरीला दूध पाजत जा. जपून राहा दोघं.

तुझी ताई
वर्ना

---

हार्लो ग्रोव्ह
३० ऑक्टोबर १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, पण हायडी त्याच्या आधीच्या रविवारी आत्याकडे जाऊन आली होती. टेप घेऊन गेली होती. सोबत भोपळ्याचा गोड 'पाय'ही भाजून नेला होता. आत्याने दोन तुकडे खाल्ले आणि मग बोलली.

ती टेप मी स्वयंपाकघरात बसून ऐकली. तुला ते सगळं ठाऊक आहे, हे तुझ्या पत्रावरून मला कळलं. तरी लिहितो, कारण आपण दोघं ते एकमेकांशी कधी बोललेलो नाही. दगडखाणीत कामाला नदीपलीकडून काळे मजूर आणायचे. दिवसभर त्यांनी दगड फोडायचा आणि सहाचा भोंगा झाला की गावाची हद्द सोडायची. आत्या म्हणाली, जेवण कसलं गं बाई, जेवण आम्ही आपलं त्याच वेळी उरकायला लागलो एवढंच. भोंगा त्यांच्यासाठी होता. तुझे आजोबा कधी एक मिनिट चुकले नाहीत हो. हायडीने विचारलं, एखादा मागे राहिला तर? आत्या हसली. म्हणाली, एकदा एक जण राहिला होता, खाणमालकाच्या घोड्याला नाल ठोकत. मग ती थांबली आणि तो भोपळ्याचा 'पाय' अजून उरला आहे का, असं तिने विचारलं. टेपवर यापुढे फक्त चमच्याचा आवाज आहे.

गेल्या वर्षी, दहावीत, मी याच पोरांना दक्षिण आफ्रिका शिकवली होती. जोहान्सबर्गमध्ये अंधार पडायच्या आत काळ्या माणसाला शहर सोडावं लागे, हे ऐकून सगळा वर्ग हळहळला होता. पहिल्या बाकावरच्या मुली तर रागाने लाल झाल्या होत्या. तो शेवटचा तास होता. त्यानंतर फुटबॉलचा सराव आणि मग सहाचा भोंगा, आणि सगळे घरी जेवायला. हायडीने काल मला विचारलं, मामा, तू शिकवत होतास तेव्हा तुला काहीच ऐकू आलं नाही का? मी एक लॅटिन वचन म्हणून वेळ मारून नेली. ती हसली नाही.

मुख्याध्यापक डकेटने मला बोलावून घेतलं. फार गोड माणूस, गोळीसुद्धा मधात बुडवून मारील. त्याचं म्हणणं, विषय सुंदर आहे, फक्त 'आपल्या अग्निशामक दलाची परंपरा' अशा अंगाने जावं. मी हायडीच्या विषयाच्या कागदावर मंजुरीची सही करून तो त्याच्या हातात दिला. तुझा भाऊ शूर निघाला, ताई. आश्चर्य वाटून घ्यायला हरकत नाही, मलाही वाटलं.

रागावली असशील. रागावूनही लोभ टिकतो का ते पाहतो आहे.

तुझा
लायल

ता. क. पानं सोबत घातली आहेत.

---

हार्लो ग्रोव्ह
१९ मार्च १९९५

प्रिय आई,

तू फोनवर विचारलंस तेव्हा मामा शेजारी होता म्हणून मी 'छान झालं' म्हणाले. छान झालं नाही.

जिमखाना भरला होता. माझा नंबर यायला उशीर झाला. हौदावर बोलणाऱ्या मुलाने घोड्यांची नावंसुद्धा सांगितली. मी उभी राहिले, बोलत बोलत खाणीपर्यंत आले, आणि भोंगा सुरू झाला. आधी कोणीतरी खुसकन हसलं. मग मागून एक बाई म्हणाली, चला, तो काही आपल्यासाठी थांबणार नाही. खुर्च्या सरकल्या. कोणी रागाने उठलं नाही, आई, हेच वाईट होतं. माझ्याकडे बघून हसून, हात हलवून, लेकरांना कोट घालून सगळे जेवायला निघाले. भोंगा थांबेपर्यंत मी तोंड मिटून उभी राहिले. नंतर उरलेलं रिकाम्या खुर्च्यांना सांगितलं. मामा पहिल्या रांगेत होता. तो उठला नाही.

तरी परीक्षक बाहेरगावचे होते, ते थांबले होते, त्यांनी मला राज्याच्या स्पर्धेसाठी निवडलं. दुसऱ्या दिवशी मिस्टर डकेटनी मला कपाटांपाशी गाठलं. खूप कौतुक केलं. मग म्हणाले, तुझ्या मामाचा करार या महिन्यात मंडळापुढे येतो आहे, या वयात माणसाला नवीन नोकरी मिळणं अवघड जातं, तू शहाणी मुलगी आहेस. बस, एवढंच. धमकी अशी नाहीच. कोणाला सांगितलं तर माझंच हसू होईल.

मी नाव काढून घेतलं. मामाला सांगितलं, गणिताची परीक्षा आहे, वेळ नाही. तू त्याला खरं कळवू नकोस. तो लगेच जाऊन डकेटशी भांडेल आणि नोकरी घालवून बसेल. सीझरसारखा आहे तो, नुसता आवाज.

आणि आई, तुला माहीत होतं ना? बटण दाबायचं म्हणजे काय ते? तेव्हा नाही, मोठी झाल्यावर. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी
हायडी

---

हार्लो ग्रोव्ह
७ मे १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हायडीने स्पर्धेतून नाव काढलं हे बरंच झालं, पोरीला आता अभ्यास करू द्यावा, झालं गेलं तिथेच राहू द्यावं, असं लिहिलं आहेस. तीन पानी पत्रात याच ओळीवर तुझं अक्षर इतकं नीट आलं आहे, की तू ती आधी दुसऱ्या कागदावर लिहून पाहिली असणार. म्हणजे खरं कारण तुला ठाऊक आहे. मलाही आहे. करार वाढल्याचं सांगताना डकेटने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुमची भाची फार समजूतदार आहे हो, घरात असं माणूस असावं. पुढचं मी विचारलं आणि त्याने सांगितलंही, अगदी प्रेमाने. त्यात काही लपवण्यासारखं आहे, असं त्याला वाटलंच नाही.

ऑर्फाआत्या बरी आहे. तिला कोणी भेटायला गेलं की ती विचारते, ती टेपवाली मुलगी पुन्हा का येत नाही. बागेत पिओनी फुलली आहे. इकडच्या बातम्या संपल्या.

काल वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासल्या. प्रश्न जिल्ह्याकडून येतात, उत्तरंही त्यांचीच. एक प्रश्न होता, आपल्या भागातल्या लहान गावांत कृष्णवर्णीय वस्ती का उरली नाही. हायडीने लिहिलं होतं, कामाच्या शोधात ते मोठ्या शहरांकडे गेले. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट. मी बरोबरची खूण केली. वर्गात पहिली आली आहे ती. अभिनंदन.

तू विचारलं आहेस की मी एवढा गप्प का. तेव्हा आता थट्टा पुरे करतो.

मला काळजी नोकरीची नाही, बाबांच्या नावाचीही नाही. डकेटचा हात खांद्यावर असताना मला आधी राग यायला हवा होता. तो आला, पण नंतर. आधी सुटल्यासारखं वाटलं. करार वाढला, भांडावं लागलं नाही, आणि भांडण टाळलं ते मी नव्हे, तिने. तसाच घरी आलो. ते सुटलेपण माझ्या तोंडावर अजून असणार, कारण दारात हायडीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. मी भांडेन अशी तिला भीती होती. मी भांडणार नाही, हे तिने त्या वेळी पाहिलं.

मी मॅकरोनी ओव्हनमध्ये ठेवली. सहाचा भोंगा झाला, सीझर रडला, आणि मी हाक मारायच्या आधीच हायडी खाली येऊन टेबलाशी बसली. तेव्हापासून रोज बसते.

लोभ या पत्रानंतरही ठेवता आला तर ठेव.

तुझा
लायल