भिंग नंबर १२३४५६७ याची जप्ती

इंदापूर,
ता. ९ मे १९५५

बारामतीकर साडूभाऊ झुंबरराव यांना इंदापुराहून रामहरीचा हात जोडून रामराम. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? सौ. बनाबाईंची प्रकृती, पेरूची बाग, पाटाचं पाणी आणि व्यालेली म्हैस, सगळ्यांची खुशाली कळवावी. (म्हशीची आधी कळवा. आमची छबूबाई बहिणीच्या आधी तिचीच चौकशी करते.) आम्ही इकडं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल नाही.

परवा मी एका माणसाला माझ्या भिंगावरचा नंबर दाखवला. नंबर दाखवायला काय पडतं, असं तुम्ही म्हणाल. मला पडलं ते असं : एक भिंग, दोन दिवस, अकरा मैल सायकल आणि तीही उन्हात, उजव्या चपलेचा अंगठा, आणि आठ वर्षं जपलेली अब्रू. अब्रू पुरती गेलेली नाही, पण निम्मी गेली आहे, आणि उरलेली निम्मी एका पाटलाच्या पेटीत आहे.

भिंगाची हकिगत तुम्ही शंभरदा ऐकली आहे, तरी मी रागात आहे म्हणून एकशे एकाव्यांदा ऐका. त्याच्या पितळी कड्यावर जर्मन कारागिरानं नंबर कोरलेला आहे, १२३४५६७. एकापासून सातापर्यंत, मधला एकही आकडा न चुकता. दुनियेत भिंगं लाखो असतील, पण शाळेच्या पाटीवर शोभेल असा नंबर एकाच भिंगाच्या नशिबी येणार, आणि ते इंदापुरात, एसटी स्टँडासमोर, आमच्या दुकानात! पुण्यापासून सोलापुरापर्यंत अशी चीज दुसऱ्याकडं असेल तर मी पुन्हा भाजी बाजारात वांग्याच्या पाट्या डोक्यावर घेईन. सत्तेचाळीस साली वालचंदनगरचा गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा डोळ्याला रुमाल लावून त्यानं अख्खा कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, रामहरी, हा तुझ्याकडंच शोभेल. (तुमच्या डोळ्यांतही तेव्हा पाणी आलं होतं. म्हणजे मी सांगितलं तेव्हा.)

आता नंबर नुसता मिरवायला नाही, तो कामाचा आहे. खेड्यातलं माणूस फोटोला बसलं की एक तर आभाळाकडं बघतं, नाहीतर पायातल्या कोंबडीकडं. मी म्हणतो, या भिंगाच्या कड्यावर एक ते सात आकडे कोरलेत, तिथं नजर लावा आणि मनातल्या मनात मोजा. सातला मी टोपण काढतो आणि झाकतो. माणूस आकडे शोधण्यात गुंगतं आणि फोटो सरळ येतो. (काही जण मोठ्यानं मोजतात. तालुक्यातल्या निम्म्या फोटोंत माणसांची तोंडं 'सात' म्हणताना उघडी आहेत, ती माझी गिऱ्हाइकं.)

तर शनिवारी नीरेकाठच्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कागद कुठं फिरेल सांगता येत नाही. तिथले पोलीस पाटील सोनबा, यांच्या घरचा फोटो काढायचा होता. सगळी मंडळी सकाळपासून नटून बसलेली, पाटलांची म्हातारी आई साखरबाई मधोमध खुर्चीवर. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं, नेहमीचं भाषण केलं, आकडे मोजायला सांगितले. इथं माझी चूक झाली. पाटील जागचे उठले, चष्मा लावला, भिंगाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "रामहरी, ह्यो नंबर खोटा हाय."

मी म्हटलं, "कशावरून?"

"खरा नंबर असा शाण्या पोरासारखा रांगेत उभा ऱ्हातो व्हय? ह्यो कुणीतरी घरी बसून पाडलाय."

पाटील माणूस मुळात वाईट नाही, पण उभा जन्म बैलबाजारात गेला. शिंगं तासून, रंगवून, डाग बदलून विकलेली चोरीची जनावरं त्यांनी लांबून ओळखली आहेत, आणि त्याचा त्यांना ताठा आहे. त्यात तालुक्यात कुणाचा तरी कॅमेरा चोरीला गेल्याची दवंडी झालेली. त्यांनी कॅमेऱ्याच्या खोक्याला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली (दात मोजायचेच काय ते राहिले) आणि खाली पितळी पट्टीवर त्यांना खोक्याचा नंबर सापडला, ५०८.

"खोक्याला पाचशे आठ, अन् डोळ्याला बारा लाख चौतीस हजार? एका जनावराच्या दोन पावत्या? म्हस्कू, कागद आण!" म्हस्कू म्हणजे कोतवाल. तो फोटोत येणार म्हणून टोपी धुऊन उभा होता.

मी किती समजावलं! म्हटलं, पाटील, सगळ्या कॅमेऱ्यांचं असंच असतं. खोकं एका कारखान्यात होतं, भिंग दुसऱ्या, ज्यानं त्यानं आपला नंबर घालायचा. नवरा एका गावचा, नवरी दुसऱ्या गावची, आडनावं कशी जुळतील?

तर पाटील म्हणाले, "लगीन लागल्यावर तरी एक आडनाव लागतं न्हवं?"

मंडळी हसली. कुणाच्या तरी कडेवरचं मुडदूस झालेलं पोरसुद्धा हसलं. झुंबरराव, मी भल्याभल्या दलालांना बोलण्यात गुंडाळलेलं आहे, पण तिथं मी तिकाटण्याचे स्क्रू आवळत बसलो. उत्तर काल घरी आल्यावर सुचलं.

मग पंचनामा. चावडीवर छापील कागद फक्त जनावरांचे, तोच भरला. नक्कल माझ्यापुढं आहे, तशी उतरवतो : 'रंग पिवळा. डोळा एक. शिंगे नाहीत. शेपूट नाही. खोड, मारकेपणा आढळला नाही. वय मालकास सांगता येत नाही.' खाली पाच पंचांचे अंगठे. खोक्याबद्दल संशय नाही म्हणून खोकं मला परत, आणि संशयित जनावर, म्हणजे भिंग, फिरकी काढून जप्त. फोटो न काढताच मंडळी उठली. साखरबाई मला म्हणाली, "चोराच्या खुर्चीवर बसवलंस रं मला." खुर्ची तिचीच होती.

काल पुन्हा गेलो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत, भाजी बाजारात तिसऱ्या गाळ्यात दलाल कुजबुजले तरी मला भाव कळायचा. ओसरीबाहेर सायकल लावतो तोवर आतून पाटलांचा आवाज, "आये, हळू धर, जप्तीचा माल हाय." आणि म्हातारीचा, "आरं, खडा न् खडा हरभऱ्याएवढा दिसतोय! निवाडा लवकर करू नगंस." सरकारजमा भिंगातून तांदूळ निवडणं चाललं होतं! ज्या भिंगातून मी निम्म्या तालुक्याच्या लग्नातले नवरानवरी पाहिले, त्यातून ती कणी पाहते आहे. मी खाकरलो तसे पाटील बाहेर येऊन कायद्याचं बोलू लागले.

भिंगाचं एक वेळ सोडा. माझा धंदा भिंगावर नाही, विश्वासावर चालतो. लोकांच्या माजघरात जाऊन लेकीसुनांना 'मान थोडी वर' म्हणायचं काम आहे. हा संशयित चोर आहे असं एकदा बाजारात बोललं गेलं, की कोण मला उंबऱ्याच्या आत घेईल? आठ वर्षांत माझ्यावर कुणी आवाज चढवला नाही, आणि आता एका बैलपारख्यानं मला चोर म्हणावं, तेसुद्धा नंबर फार चांगला आहे म्हणून! न्याय राहिला आहे की नाही, हे तुम्हीच सांगा.

थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा, म्हशीला वैरण. कळवळून लिहिलं आहे, अक्षराकडं पाहू नका.

तुमचा साडू,
रामहरी

ता. क. – पाटील म्हणतात, खरेदीच्या वेळी हजर असलेला एक साक्षीदार गुरुवारी चावडीवर उभा कर आणि भिंग घेऊन जा. नाहीतर शुक्रवारी कागद तालुक्याला जाणार. रविवारी लोणी भापकरला लग्न आहे, तिथं नुसतं खोकं घेऊन काय करू? तेव्हा गुडघा कसाही असो, बुधवारच्या एसटीनं या. साहेबानं तुमच्यासमोर कॅमेरा दिला, एवढंच सांगायचं.

ता. क. दुसरा – साहेबाचं नाव चावडीवर जाण्याआधी आपण दोघं मिळून ठरवू. मी पाटलांना शनिवारी एक सांगितलं आणि काल दुसरंच.

ता. क. तिसरा – पत्र वाचून छबूबाई म्हणते, लंगड्या माणसाला खोटी साक्ष द्यायला बोलावता, तर निदान त्याला खरं तरी कळवा. म्हणून कळवतो. साहेब नव्हता. खोकं अकलूजच्या एका फोटोवाल्याच्या घरून घेतलं, त्याला भिंगच नव्हतं. भिंग पुण्याच्या जुन्या बाजारात मोडीच्या ढिगातून घेतलं, पितळेच्या भावानं. साडेतीन छटाक भरलं.