विहिरीचे दोन व्यास

मंगळवार, दिवेलागण

शेजाऱ्याची मोटारसायकल येईपर्यंत लिहून राह्यलो. ती आली की टेंभुर्णीला निघायचं.

शनिवारी दहावीला वृत्तचितीचा गृहपाठ दिला: घरची विहीर मोजा, घनफळ काढा. काल टेंभुर्णीच्या सविताने वहीत दोन व्यास लिहिले. एकीकडून वीस फूट, आडव्या बाजूने एकोणीस. मी लाल फुली मारली. "अगं, वर्तुळाचा व्यास कुठूनही सारखाच येतो."

"न्हाई सर, आईनं दोरी धरल्ती. बराबर मोजलं."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. का हसलो?

आज तिने परत मोजून आणलं. वीस, आणि साडेअठरा. परत लाल फुली.

घरी चहा पिताना डोक्यात आलं. वीस दोन्ही वेळा वीसच आला, मंग दुसरंच माप कसं चुकेल? पोरीचं बरोबर होतं. विहीरच गोल राहिली नाही. दोन दिवसांत अर्धा फूट! बांधकाम आत सरकून राह्यलंय.

तिच्या घरचा फोन लागत नाही. शाळा सुटताना ती म्हणाली होती, "सर, आज रानातून आले की आप्पा खाली उतरणारेत, टेप घेऊन. आतून मोजतो म्हणले."

मी तिला शाब्बास म्हणालो.