छातीतली तार

प्रिय गोस्से,

तू फोन उचलत नाहीस आणि तुझी बायको दरवेळी सांगते, "तो काचघरात टोमॅटोला पाणी घालतोय." इतकं पाणी घातलंस तर ते टोमॅटो पोहायला लागतील. म्हणून शेवटी पत्र लिहितेय. हे दाराच्या फटीतून आपोआप आत पडेल. पूर्ण वाच, मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

आधी त्या मलमाचं बोलून टाकते, कारण त्याच्यामुळे तू तोंड लपवून बसलायस हे मला चांगलं ठाऊक आहे. बायपास करून वीबे घरी आला तेव्हा सगळं ठाकठीक होतं. मग छातीवरच्या जखमेच्या खालच्या टोकाशी ओल दिसायला लागली, आणि हा माझा पठ्ठ्या नवरा मला न दाखवता लोकरी बनियनखाली जुना रुमाल दाबून फिरत राहिला. "एवढ्याशा गोष्टीला डॉक्टरला कशाला त्रास?" हे त्याचं नेहमीचं. तुला मात्र दाखवलं. तू तुझ्या गुरांच्या डॉक्टरकीच्या गाडीतून गाईच्या कासेला लावायचं मलम काढून दिलंस आणि म्हणालास, "गाईंना चालतं, तुझ्या कातडीला काय धाड भरलीय!" आपल्याकडे कोण लावत नाही ते? भेगा पडलेल्या टाचा, बाळाचं ढुंगण, सगळ्याला एकच डबा. आई तर खुर्चीच्या चामड्यालाही लावायची. वीबे आठवडाभर इमानेइतबारे ते चोपडत राहिला.

एके सकाळी न्याहारीला त्याला खोकला आला आणि छातीत कट्‌कन वाजलं. मी टेबलाच्या या बाजूला ऐकलं, गोस्से. मधोमध कापून तारांनी बांधलेलं छातीचं हाड आतल्या आत सरकत होतं. त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, जणू मी बहिरी आहे. दुपारी अंगात हुडहुडी भरली, तेव्हा मी त्याला न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. डॉक्टर स्मेट्स, म्हणजे आमची दक्षिणेकडून इथे आलेली सर्जनबाई, म्हणते की मलमाने जंतू आले नाहीत, ते हाडाखाली आधीच शिरले होते. आठवडा तेवढा वाया गेला. मी तिला दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा तुझ्यासाठी. तेव्हा ते ओझं आता खाली ठेव.

त्यानंतर त्यांनी छाती पुन्हा उघडली. तारा काढल्या, सडलेलं हाड तासून टाकलं आणि त्या खड्ड्यात काळा स्पंज बसवला. वरून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, त्यातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला रात्रंदिवस पू ओढणारं यंत्र. दर थोड्या दिवसांनी भूल देऊन स्पंज बदलतात. पापुद्र्याखाली तो स्पंज हृदयाबरोबर वरखाली होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले. आता तिथेच शेजारी मोजे विणते, माणसाला कशाचीही सवय होते. सुरुवातीला वीबे थट्टा करायचा, "हिंके, मलाच दूध काढायच्या मशीनला जोडलंय. आणि धार बघ कसली निघतेय!" पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा हसता हसता गुदमरायचा. हल्ली वीबे थट्टा करत नाही. खिडकीकडे तोंड करून पडून असतो आणि नर्सने विचारलं की "ठीक" म्हणतो.

खरं तर बातमी चांगली आहे. पू आटला, तपासणीत आता जंतू सापडत नाहीत. पण खड्डा उरलाय आणि तो जिवंत मांसाने भरायला हवा. आतड्यांवर चरबीची झालर असते, ती तुला मी काय सांगणार. स्मेट्सबाई ती पोटातून वर ओढून हृदयावर पांघरणार आहे. तिच्यात रक्त भरपूर खेळतं म्हणे. वीबेच्या पोटावर थोपटून ती खुशीत म्हणाली, "असं भरलेलं पोट असलं की माझं काम सोपं!" जन्मभर मी त्याच्यापासून डुकराची चरबी आणि साखरेचा पाव लपवला, त्या पोटावरून त्याला टोमणे मारले, आणि आता तेच कामी येणार. मी हसले, हसता हसता रडले. वीबे हसला नाही.

तो म्हणाला, "आता पुरे. घरी चला." बाईने समजावलं, मी समजावलं, भांडले. शेवटी तो म्हणाला, "गोस्सेला बोलवा. आजवर माझ्या गोठ्यातली कुठली गाय ठेवायची आणि कुठली सोडायची ते त्याने सांगितलं, आणि तो कधी चुकला नाही. त्याने बघावं. तो म्हणेल तसं." शुक्रवारच्या आत सही हवी आहे. ऑपरेशन झालं नाही तर ती उघडी छाती पुन्हा सडणार, याबद्दल बाईने आडपडदा ठेवलेला नाही. झालं, तर बऱ्यापैकी आशा आहे. खात्री कोणी देत नाही.

आणि गोस्से, त्याला क्लास्के आठवते आहे. चाऱ्यातून तार गिळलेली ती गाय, तार हृदयापर्यंत गेलेली. तू गोठ्यात तिच्या छातीला कान लावलास आणि म्हणालास, "वीबे, छातीत पू झाला की उगाच हाल करू नये," आणि तिला शेवटचं इंजेक्शन दिलंस. काल त्याने हे शब्द जसेच्या तसे मला ऐकवले.

म्हणून तू येण्याआधी हे लिहितेय. तू खोटं बोलत नाहीस, म्हणूनच तो तुझ्यावर विसंबून आहे, आणि मी तुला नेमकं खोटंच बोलायला सांगतेय. तो आधी तुझा चेहरा बघेल, तेव्हा चेहऱ्याची तयारी रस्त्यातच कर. आत शिरून सांग, "वीबे, करून घे." तुला मनातून काहीही वाटलं तरी हेच सांग, पाप माझ्या माथी. गाईच्या वेळी तू वय बघतोस, ती पुढे दूध देईल का ते बघतोस, आणि ते बरोबरच आहे. पण वीबेने दूध कधी दिलं नाही, आणि उभ्या जन्मात मला फुलंही दिली नाहीत. मला तो तरीही हवाय, गोस्से. मला तो घरी हवाय.

तुझीच,
हिंके