खालच्या खणातला झगा

३ मार्च १९०८

आज बाबांनी नाव पुलापाशी लावली आणि मी पेटी घेऊन उतरले. एकोणीस वर्षं नावेवर काढल्यावर न हलणाऱ्या घरात राहायचं, याची सारखी गंमत वाटते आहे. जिना उतरताना मी सवयीने कठडा घट्ट धरत होते, तर डाउत्सेनबाई म्हणाल्या, घर कुठे जात नाही, तू कामाला लाग.

घरात दोघी बहिणी. डाउत्सेनबाई थोरल्या, सत्तरीच्या. नजर अधू, जीभ मात्र तिखट. रेन्स्केबाई धाकट्या, दम्याच्या, बहुतेक वेळ भिंतीत कपाटासारख्या बसवलेल्या पलंगात, त्याची दारं सताड उघडी ठेवून. माझ्याकडे कपडे, इस्त्री आणि कपाटाच्या यादीची वही. माझं अक्षर पाहून त्यांनी मला घेतलं. शाळेत मी कधी गेले नाही. आईने अक्षरं शिकवली आणि बाबांनी रोजनिशी लिहायला लावलं. झालं तेवढंच लिहायचं, व्हावंसं वाटतं ते नाही, असा त्यांचा नियम आहे.

जेवायला ताकातली जवाची पेज होती, वर काकवी. मी दोनदा घेतली. नंतर दोनदा घ्यायला नको होती असं वाटत राहिलं.

६ मार्च

कपाट आज नीट पाहिलं. अक्रोडाच्या लाकडाचं, बाईंच्या पणजीच्या लग्नातलं. वर दोन दारांआड चादरी, अभ्रे, पंचे यांच्या थप्प्या. मधे तिरकी फळी. ती खाली ओढली की लिहायचं मेज होतं. आत चिमुकले खण आणि त्यांच्यामागे एक चोरकप्पा, मधली पट्टी दाबली की सुटतो. खाली तीन मोठे खण. नावेवर वाढलेल्या मुलीला याहून सुंदर काय वाटणार? प्रत्येक वस्तूला जागा आहे. धुतलेलं थप्पीच्या तळाशी घालायचं, वरचं वापरायला काढायचं, म्हणजे सगळं सारखं झिजतं.

सर्वांत खालच्या खणात दोघींचे जायचे झगे. आमच्या आईचाही पेटीच्या तळाशी आहे. अठराव्या वर्षी मुलीने स्वतः शिवायचा, दर वसंतात धुऊन इस्त्री करून ठेवायचा आणि शेवटी अंगावर घालून मातीत जायचं. एकावर लाल फुल्यांच्या टाक्यात डाउत्सेनबाईंच्या नावाचं पहिलं अक्षर आहे, दुसऱ्यावर रेन्स्केबाईंच्या.

रेन्स्केबाई दर रविवारी आपला झगा मागून घेतात आणि घेराची दुमड बोटांनी चाचपतात. आत त्यांच्या ठरलेल्या नवऱ्याचे केस शिवलेले आहेत. तो मासेमारीला गेला तो आलाच नाही.

"ज्याचे केस या घेरात, त्याला मला न्यायला यावंच लागणार," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं समुद्रात लपून बसलाय मेला. तेवढा झगा सांभाळ गं पोरी. बाकी कपाट जळालं तरी मी वळून बघायची नाही."

डाउत्सेनबाई पलीकडून म्हणाल्या की तो लपलाय तो हिच्या बडबडीमुळेच.

२० मार्च

झगे धुतले, तीन दिवस गवतावर उन्हात टाकले, आज इस्त्री केली. डाउत्सेनबाई शेजारी उभ्या राहून बोलत होत्या. पंच्यांच्या कडा वाकड्या आहेत, माझ्या आईला नावेवर इस्त्री तापवायला वेळ मिळाला नसावा, वगैरे. मी उत्तर द्यायला वळले. बाई निघून गेल्यावर घोड्याला नाल मारताना येतो तसा जळका वास आला.

रेन्स्केबाईंचा झगा. घेरावर इस्त्रीच्या आकाराचा करपट डाग, मधे भोक.

मी सांगायला हवं होतं. तीनदा दारापर्यंत गेले. सांगितलं तर आजच घालवून देतील, आणि नावेवर आता धाकट्या भावंडांमुळे माझ्यापुरती जागाही उरलेली नाही. झगा चोरकप्प्यात कोंबला. वहीत लिहिलं: झगे दोन, स्वच्छ, जागेवर. माझं पहिलं खोटं. तसंच कापड आणून दुसरा शिवायचा. रेन्स्केबाईंना ताप आहे, या रविवारी त्या मागणार नाहीत.

२४ मार्च

रेन्स्केबाई आज सकाळी गेल्या.

रीतीप्रमाणे शेजारची येल गल्लीतल्या आणखी दोघींना घेऊन त्यांना धुवायला, नेसवायला आली. डाउत्सेनबाईंनी किल्ली माझ्या हातात दिली. खणात एकच झगा होता, त्यांचा स्वतःचा. मी तो स्वयंपाकघरात नेला, लाल अक्षर उसवलं, तिथेच रेन्स्केबाईंचं भरलं. जुन्या टाक्यांची छिद्रं गेली नाहीत. येलने तो हातात घेतला, घेरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हलका लागतो गं."

मी म्हटलं, झिजलाय.

३१ मार्च

सकाळी कपाट उघडलं तर सगळ्या थप्प्या उलट्या. तळाचं वर आलेलं. प्रत्येक कपड्याच्या काठावर ओल्या चिकणमातीची बोटं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या कमरेला. बाईंनी माझे हात पाहायला मागितले. नावेवरची पोरं चिखलातच वाढतात म्हणाल्या. सगळं पुन्हा धुतलं.

३ एप्रिल

पुन्हा तसंच. या वेळी दुमडी उसवलेल्या. चादरी, अभ्रे, सगळ्यांचे काठ वीतभर मोकळे, टाके एकेक करून काढलेले. घाईने नव्हे. कोणी तरी काही शोधत असावं तसं.

काय शोधतं आहे ते मला माहीत आहे.

५ एप्रिल, रविवार

बाई चर्चला गेल्यावर चोरकप्पा उघडला. जळक्या झग्याची दुमड मी स्वतः उसवली. आत केस नाहीत. काळी भुकटी, बोटाला लागली आणि उडाली. तो नालाचा वास केस जळल्याचा होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता परत काय देऊ? तिचं जे होतं ते उरलंच नाही.

दुपारी भोकाला ठिगळ लावलं. माझ्या वेणीतून बोटाएवढी बट कापली आणि दुमडीत घालून बारीक टाक्यांनी शिवली. माझं आणखी एक खोटं. म्हाताऱ्या बोटांना केस लागले म्हणजे झालं, असं मनाशी म्हटलं. झगा खालच्या खणात ठेवला.

६ एप्रिल

झगा गेला. त्याच्या जागी डाउत्सेनबाईंचा, रेन्स्केबाईंसोबत पुरलेला, ओला, नीट घडी घातलेला. माझ्या हातचं लाल अक्षर उसवलेलं, फक्त छिद्रं. थप्प्या सरळ आहेत. एकही डाग नाही.

मी जमिनीवर बसून रडले, सुटले म्हणून. आज पेज गोड लागली.

७ एप्रिल

वेणी ओढल्यासारखी वाटते. वळून पाहिलं तर मागे कोणी नाही. कपाट आहे.

८ एप्रिल

ज्याचे केस या घेरात, त्याला यावंच लागणार.

ती हे म्हणाली होती आणि मी सहा मार्चला स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. आत्ता मागची पानं चाळताना — माझे केस. माझे.

शनिवारी बाबांची नाव पुलाशी येणार. तीन दिवस. सगळं सोडून जाईन.

९ एप्रिल

डाउत्सेनबाईंना सगळं सांगितलं. इस्त्री, खोटं, बट, सगळं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी आपल्या झग्यावरची छिद्रं बोटाने चाचपली, बराच वेळ. मग म्हणाल्या, "तिला सोबत हवीच होती. मी रोज वाट बघत होते, कधी मला हाक मारते म्हणून. आता तिला तू मिळालीस."

मग माझ्या गालावरून हात फिरवला. आजवर कधी फिरवला नव्हता.

बाहेर जाऊन त्यांनी कपाटाच्या खोलीला कुलूप घातलं, मी आत.

१० एप्रिल, सकाळ

खिडकीला लोखंडी गज. पुलावरून माणसं जातात, हाका मारल्या, येलने वर पाहिलं, मान खाली घातली —

कात्री कपाटात होती. आता नाही. फळी ओढून इथे बसले आहे, लिहीत राहिलं तर — बाबा उद्या —

खालचा खण उघडा आहे. मी उघडला नाही.

वेणी खांद्यावरून खाली गेली आहे. टोक खणात आहे. धरलेलं आहे. हलकेच धरलंय, चाचपतंय, एकेक पेड —

दाराबाहेर बाई. हळू बोलताहेत. "जा, पोरी. ताटकळत नको ठेवूस तिला."

मान वाकली. कागद आता डोळ्यांच्या वर, हात उंच करून लिहिते आहे. बाबा, वहीत खोटं लिहिलं ते मीच, वीस मार्चचं पान, ते तेवढं खोडा, झगे दोन नव्हते, एकच —

आत मातीचा वास आहे. घर हलतंय, नावेसारखं, आणि खण