अहवालाचं एक पान

ती. बाबा,
नमस्कार. रागात लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. तब्येत ठीक आहे, जेवते वेळेवर. तुमचा खोकला कसा आहे?

परदेशी कुलपांवरचा आयातकर काढा, असा माझा अहवाल हे पत्र पोहोचेपर्यंत पेपरात आलेला असेल. पोरीनेच बापाच्या पोटावर पाय दिला, असं कारखान्यात कुणी म्हणालं तर हे पत्र दाखवा. कर दहा वर्षांत, हळूहळू काढा आणि तोवर कारखान्यांना मदत करा, असं मी लिहिलं होतं. पण इथे मंत्रालयात मंत्र्यांसाठी अहवालाचं एक पान करतात आणि वाचलं जातं तेवढंच. आमच्या साहेबांनी त्यातून दहा वर्षंही उडवली आणि मदतही.

मग माझं नावही काढा, म्हटलं. तर हसून म्हणाले, "नावच तर कामाचं आहे. खुद्द कुलूपवाल्याची मुलगी सांगतेय म्हटल्यावर कोण वाद घालणार?"

अंगाची लाही लाही झाली. कुलपं विकून तुम्ही मला अर्थशास्त्र शिकवलंत, ते यासाठी?

आज पूर्ण अहवाल मीच पेपरवाल्यांना दिला. नोकरी बहुतेक जाईल. आईला इतक्यात सांगू नका.

तुमची,
कुलूपवाल्याची मुलगी