ड्रमॉरनचा शेवटचा लॉर्ड

३ जानेवारी १९२७
अनगोळातून पळालो. मारुतीरावकाकांना मूल नाही, म्हणून महिनाअखेरीस मला दत्तक घ्यायचं ठरलंय. वडील मी लहान असतानाच गेले; आईनं मान डोलावली. काकांचं नाव चालवायचं, पाटीलकी सांभाळायची — जन्मभर एकाच उंबऱ्यात!
बेळगावच्या कॅम्पात एका म्हाताऱ्या स्कॉच साहेबाकडं काम मिळालं. सुजलेल्या पायाला पट्टी बांधायची, चिरूट पेटवून द्यायचा.

५ जानेवारी
साहेब साधा नाही — लॉर्ड ड्रमॉरन! पट्टी बांधताना मोडक्या मराठीत सांगत होता. पहिल्या ड्रमॉरननं बुडणाऱ्या राजाला केसाला धरून बाहेर ओढलं, म्हणून किताब. तिसरा राजावरच उलटला — किताब जप्त. त्याच्या नातवानं तो परत मिळवला आणि पणतवानं वाडा जुगारात घालवला. आता नुसतं नाव. तेही साहेबाबरोबर संपणार.
"दत्तक घ्या की, साहेब." माझ्याच तोंडून हे निघावं!
"चालत नाही. रक्ताचा मुलगा पाहिजे."
किती शहाणा कायदा!

९ जानेवारी
बाजारात अस्वलवाला बघत बसलो. पट्टीला उशीर. साहेब रागावला नाही.

१४ जानेवारी
साहेबाचा वाढदिवस. मी पायाशी बसलेलो. त्यानं साखरेचा खडा माझ्या तोंडात घातला. दारातून त्याचा स्वयंपाकी भरमू म्हणाला, "साखर भरवली! झाला की रं दत्तक. च्या घेणार का, लाटसाहेब?"

२० जानेवारी
आई आलती. भरमूची थट्टा बाजारातून अनगोळात पोचली, ती पार खरी होऊन. काका म्हणाले म्हणे, "एकाच्या मांडीवर बसलेलं पोरगं मला नको." आता चुलतभावाला घेतायत. तो लई खूश.
आई म्हणाली, "मी तर तुला कुणाला दिला न्हाय. खरं सांगू का भावजींस्नी?"
मी तिचे पायच धरले.
"ऊठ रं. मला तरी कुठं द्यायचा होता तुला."
सुटलो. सुटलो!
साहेबाला सांगितलं. खोकला येईस्तवर हसला. म्हणाला, "मीपण सुटलो. माझ्यामागं हे ओझं कुणाला नाही."

२ फेब्रुवारी
साहेब गेला. झोपेतच. पाद्री विचारत होता, घरचं कोण आहे? भरमू म्हणाला, "कुणी न्हाय." किताब संपला.

३ फेब्रुवारी
सकाळी न्हाव्यापुढं बसलो. टोपी काढली. "सगळे उतरव."
"कोण गेलं रं?"
"वडील."