मावशी, बीकन भिजत घालायचा नसतो

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा कोपरापासून नमस्कार. तुझे गुडघे बरे असावेत. माझ्या घरी तू ज्या जोमाने साफसफाई करून गेलीस त्यावरून तरी ठणठणीत दिसतात. माझी प्रकृती ठीक, नोकरीचं सोमवारी कळेल. (फोनच केला असता, पण धूळ बसते म्हणून तुझा फोन तू कपाटात ठेवतेस.)

मी तटरक्षक दलात बोटींवरचे रडार आणि रेडिओ दुरुस्त करतो, आणि तू साऱ्या नात्यागोत्यात ‘भाचा बोटीवरचे टीव्ही नीट करतो’ म्हणून सांगतेस. तेही मी गिळलं. पण माझ्या टेबलावरचा तो पिवळा डबा (डबा नव्हे गं, बीकन!) तू साबणाच्या बादलीत बुडवून गच्चीत ठेवलास, हे कसं गिळू? कार्यशाळेत रंगकाम चाललंय म्हणून तो तपासायला घरी आणला होता. बोट बुडाली, पाणी लागलं, की तो आपोआप थेट उपग्रहाकडे ‘बुडतोय, धावा!’ म्हणून बोंब ठोकतो. त्याला काय ठाऊक, बुडवणारी मावशी आहे?

इकडे जेवती ताटं टाकून माणसं बोटीवर धावली. पण ठिकाण निघालं जमिनीवरचं! जमिनीवर बोट बुडेल कशी? म्हणजे यंत्रच चुकतंय, बोलवा दुरुस्तीवाल्याला! मी ती बोंब ऐकणारा रिसीव्हर खोलून बसलो आणि दुपारभर माझ्याच घराचा पत्ता दुरुस्त करत राहिलो. शेवटी लाइफजॅकेट चढवलेली, दोरखंड घेतलेली चार माणसं आपल्या दारात उभी राहिली. त्यांनी विचारलं, कोण बुडतंय? आणि तू म्हणालीस, ‘बुडत कोणी नाही, भिजत घातलंय.’ वर त्यांना बूट बाहेर काढायला लावलेस! अगं, काही लाज?

आता चौकशी. साहेब म्हणतात, स्वतःची चूक मावशीवर काय ढकलतोस? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. इतकी वर्षं डोलकाठीवर लोंबकळून खारं वारं खाल्लं, कधी ठपका नाही, आणि आता साबणापायी घरी बसायची वेळ आलीय. मला खरंच फार राग आलाय, आणि तितकीच भीतीही वाटतेय.

तुझा,
(अजून तरी) नोकरीत असलेला भाचा

ता. क. सोमवारी ये आणि साहेबांना खरं काय ते सांग. त्यांच्या टेबलावरचं काही पुसू नकोस.

ता. क. २ : बीकन दोन होते. दुसरा घरात कुठेच नाही. फुलदाणी म्हणून नेला असशील तर खुशाल ठेव, पण पाणी घालू नकोस.

ता. क. ३ : घातलंस. आत्ताच फोन आला, ठिकाण तुझ्या गल्लीतलं. गच्चीवरचे कपडे काढून घे, हेलिकॉप्टर निघतंय. या खेपेस साहेब जातीने येतायत, म्हणून पाकीट चिकटवून हे पत्र त्यांच्याच हाती देतोय. सोमवारी यायची आता गरज नाही.